‘दहा दिवसांत परत जाता येतं’ म्हणजे बॅकअप नव्हे

“विंडोज १०चा आधार संपला, विंडोज ११ बिनधास्त टाका. नाही आवडलं तर दहा दिवसांत परत जाता येतं, बॅकअप-बिकअप काही लागत नाही.” हा फॉरवर्ड फिरत फिरत आमच्या मावशीकडे पोचला आणि तिने विचारलं, “मग करू का आता?” नको, मावशी. थांब.

विंडोज १०चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची मोफत अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, एवढं त्यातलं खरं. परत जायची सोय आहे, हेही मान्य. पण ती चालते कशी? अपग्रेड होताना जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ फोल्डरमध्ये सरकवलं जातं, त्याच डिस्कवर. डिस्क मेली की दोन्ही गेले. दहा दिवसांनी विंडोज ते फोल्डर स्वतःच पुसतं, आणि त्याआधी जागा करायला तुम्हीच ते उडवलंत तर परतीची वाट तिथेच बंद. परत गेलात तर अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअरं) जातात. अपग्रेडमध्ये गेलेली फाइल शोधून आणणं तर या सोयीचं कामच नाही.

‘फाइली कशाला जातील?’ म्हणणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१८ आठवावा. काहींच्या फाइली गेल्यामुळे मायक्रोसॉफ्टला विंडोज १०चं १८०९ हे अपडेट काही दिवसांतच थांबवावं लागलं. कारण कंपनीनेच सांगितलं होतं. काहींनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, पण थोड्या फाइली जुन्या जागीच राहिल्या होत्या. रिकामी, दुबार फोल्डर काढण्यासाठी लिहिलेल्या कोडने ती जुनी फोल्डर फाइलींसकट उडवली. हे अपडेट नोव्हेंबरमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा आलं. (आणि रिस्टोअर पॉइंटचं, म्हणजे विंडोजने टिपून ठेवलेल्या जुन्या सेटिंगचं, नाव काढू नका, तो वैयक्तिक फाइली जपतच नाही.)

दुसरा सल्ला: ‘व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) चाललं की झालं.’ मेनू कुठे गेले ते बघायला ठीक आहे. पण तिथलं ग्राफिक्स, नेटवर्क, आवाज सगळं सहसा नकली हार्डवेअरवर चालतं. तुमचं वायफाय, फिंगरप्रिंट, झाकण मिटल्यावर झोपणं-उठणं यातलं काहीच तपासलं जात नाही, आणि रडगाणं नेमकं तिथेच असतं.

विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी प्रणाली, डिस्कवर न टाकता थेट पेनड्राइव्हवरून (‘लाइव्ह’) चालवून बघता येते. त्याबद्दलची भीती: ‘लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावला की हार्ड डिस्क साफ होते.’ साफ होतो तो पेनड्राइव्ह, तोही बनवताना. ‘ट्राय’ निवडून वापरलंत, ‘इन्स्टॉल’ला हात लावला नाहीत, की डिस्क जागच्या जागी राहते. फक्त बूट सेटिंग (कॉम्प्युटर कशावरून सुरू व्हायचा ते) बदलल्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती आधीच कागदावर उतरवा.

खरी चाचणी हवी तर मूळ डिस्कएवढी किंवा मोठी एसएसडी घ्या. क्लोनझिला या मोफत सॉफ्टवेअरने सगळी डिस्क जशीच्या तशी (क्लोन) तिच्यावर उतरवा, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवा, क्लोन आत बसवा आणि अपग्रेड त्याच्यावर करा. हार्डवेअर तुमचंच, प्रोग्रॅम तुमचेच. डिजिटल परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलल्याने तो अडत नाही. दोन्ही डिस्क एकदम जोडून चालू करू नका. दोघींची ओळख एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं. नवं विंडोज कोरं टाकत असाल तरी जुनी डिस्क काढलेलीच बरी, नाहीतर इन्स्टॉलर बूटच्या फाइली तिच्यावर नेऊन ठेवू शकतो.

आणि क्लोन पहिल्यांदा चालू कराल तेव्हा नेट तोडलेलं ठेवा, आधी वनड्राइव्हचं (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचं) सिंक थांबवा. नाहीतर चाचणीत उडालेली फाइल क्लाउडमधूनही उडते, आणि बाजूला ठेवलेली डिस्क पुन्हा जोडली की तिच्यावरूनही.