सोसायटीच्या विम्यात घरातला गिझर येतो का?

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘इमारतीचा विमा आहे, म्हणजे घरातल्या गिझरचं काहीही झालं तरी भरपाई मिळते.’ तसं नाही. सोसायटीची पॉलिसी सहसा इमारतीपुरती असते. घरातल्या वस्तूंसाठी स्वतःचा गृहविमा लागतो. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आग, स्फोट, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. नुसती कॉइल जळली किंवा शॉर्टसर्किटने गिझरच गेला, तर येत नाही. तिथे वॉरंटीच बघायची, तीही टाकीची आणि कॉइलची बहुतेकदा वेगळी. आणि बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल, तर नवा गिझर घेताना दुकानदाराला नुसतं किती लिटरचा आहे ते विचारून थांबू नका. टाकी गंजू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड कधी बदलायचा, तेही विचारा.