पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बाईसाठी काय बदललं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गुन्हेपीडितांच्या हक्कांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "कायदे कागदावर आहेत. तुम्ही सरकारची तळी उचलताय." घाटकोपरच्या तुमच्या नातेवाईक मुलीला महिनोन्‌महिने घालावे लागलेले खेटेही तुम्ही सांगितलेत. तुमचा संताप रास्तच आहे. पण काहीच बदललं नाही, हे मी मान्य करणार नाही.

पूर्वी भरपाई म्हणजे आरोपी सापडणार, शिक्षा होणार, दंड वसूल होणार आणि त्यातलं जमलं तर काही हाती पडणार. २००९ अखेर ही जबाबदारी राज्यावर आली. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम ३९६ प्रमाणे आरोपीचा पत्ता लागला नसला, तरी पीडितेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. शक्ती मिलमधल्या सामूहिक बलात्कारानं मुंबई हादरली त्याच वर्षी, २०१३ मध्ये, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला अशा गुन्ह्यांतल्या पीडितांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना आली. तिची कमाल मदत आता १० लाख आहे.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो. तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत तक्रारदाराला किंवा पीडितेला कळवणं याच संहितेच्या कलम १९३ नं पोलिसांवर बंधनकारक केलं. आमच्या चाळीतल्या एक काकू घरफोडीनंतर पोलीस ठाण्यात जायच्या आणि "तपास चालू आहे, साहेब बंदोबस्ताला गेलेत" ऐकून परत यायच्या. शेवटी त्यांच्या भाच्यानं या कलमाचा उल्लेख करून साधा अर्ज दिला, पोच घेतली. त्यानंतर लेखी उत्तर आलं.

पण कलम ठाऊक असलेला भाचा प्रत्येकीला कुठून मिळणार? इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसा सोसलेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं, ते म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. बाई उपचाराला येते तिथेच तिच्याशी बोलणारं माणूस असतं. पोलीस ठाण्यात असं कोण आहे? एफआयआरची प्रत फुकट मिळतेच, तिच्यासोबत या हक्कांचा एक मराठी कागद देणं सरकारला अजिबात जड नाही. ते होत नाही, याची चीड मलाही आहे.

त्या मुलीचा अर्ज प्राधिकरणाकडे गेलाय का, तेवढं आधी पाहा. नसेल तर मोफत वकीलही तिथेच मागा. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.