बूस्टर आणि शनिवारचा बेत

लसीला विरोध करणारं माझ्या ओळखीत कुणी नाही. लस पुढे ढकलणारे मात्र घरोघरी आहेत. आणि ढकलायचं कारण विचारलं तर बहुतेक वेळा शनिवार-रविवार.

परवा आमच्या ग्रुपवर मुळशीला जायचं ठरत होतं. गाडी कुणाची, थालीपिठांची भाजणी कोण आणणार, मुलांचे जास्तीचे कपडे घ्या वगैरे. मध्येच एकीने लिहिलं, "शनिवारी सकाळी आमचा दीड वर्षाचा बूस्टर आहे गं, आमचं बघा." लगेच उत्तरं धडाधड आली. "बूस्टरच ना? पुढच्या शनिवारी दे." "एक आठवड्याने काय होतंय!"

एका आठवड्याने खरंच काही होत नाही. पण पुढच्या शनिवारी कुणाचं तरी बारसं असतं, त्याच्या पुढच्या शनिवारी पोराला सर्दी, मग दिवाळी. शाळेच्या प्रवेशाला फाईल उघडली की दीड वर्षाच्या रकान्यातली जागा कोरी दिसते. तोवर पाच वर्षांचा बूस्टर दारात आलेला असतो.

पहिल्या वर्षातले डोस सहसा चुकत नाहीत, कारण तेव्हा सगळं घर मागे लागलेलं असतं. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. मग सहा, दहा, चौदा आठवडे. आजी तारखा तोंडपाठ सांगते, गावाकडे आशाताई दारात येते, शहरात दवाखान्यातून फोन येतो. नऊ महिने झाले की गोवर-रुबेला. त्यानंतर मूल चालायला लागतं, आई कामावर परत जाते आणि कार्ड कपाटात जातं. सरकारी वेळापत्रकात मात्र पुढचं सगळं लिहिलेलं असतं: 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची लस) बूस्टर आणि पोलिओ, पाच ते सहा वर्षांत त्रिगुणीचा दुसरा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). खासगी बालरोगतज्ज्ञांच्या यादीत यापेक्षा जास्त लसी असतात. तो खर्चाचा विषय आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. सरकारी यादीतलं सगळं फुकट मिळतं, निदान ते तरी राहू नये.

"बूस्टरच ना" म्हणणाऱ्यांसाठी एक खुलासा. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस हा वरची साय नाही. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती नवव्या महिन्यात काही बाळांच्या अंगात अजून शिल्लक असते, त्यामुळे पहिला डोस साधारण 85 टक्के मुलांनाच लागू पडतो. उरलेली मुलं कोणती, ते बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून दुसरा डोस सगळ्यांनाच द्यायचा. गोवर हवेतून इतका झपाट्याने पसरतो की तो थोपवायला 95 टक्के मुलांचे दोन्ही डोस झालेले लागतात. 2022 च्या शेवटी मुंबईत साथ आली तेव्हा गोवंडीसारख्या दाटीवाटीच्या वस्त्यांत लहान मुलं दगावली. करोनाच्या काळात कित्येकांचे डोस राहून गेले होते. साथीच्या भागात नियम बदलून सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यावा लागला.

त्रिगुणीची गोष्ट वेगळी. तिथे पहिले डोस लागू पडतात, पण असर काही वर्षांत ओसरत जातो. घटसर्प आता शाळकरी मुलांत आणि मोठ्यांतही आढळतो, त्यामागचं मोठं कारण राहिलेले बूस्टर हेच आहे.

मला राहून राहून पल्स पोलिओ आठवतो. तो असायचाच मुळी रविवारी. लोक रविवारी गावाला जातात हे सरकारला माहीत होतं, म्हणून बूथ एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर, टोलनाक्यावर. डाव्या करंगळीला शाई लावलेली नसेल तर खिडकीतून पोर बाहेर घेऊन दोन थेंब पाजायचे. जे सापडले नाहीत त्यांच्या घरी पुढच्या दिवसांत माणसं जायची. 2011 च्या जानेवारीत हावड्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि 2014 मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. दीड वर्षाच्या बूस्टरसाठी असं कुणी टोलनाक्यावर उभं राहणार नाही. तिथे आपणच एकमेकींना आठवण करायची, आणि त्याऐवजी आपण "पुढच्या शनिवारी दे" म्हणतो! याचा मला खरा राग येतो.

आता कामाचं. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायचं. त्रिगुणीचा ताप आला तर साधारण पहिल्या एक-दोन दिवसांत येतो, मांडी दुखते, पोर किरकिर करतं. म्हणजे त्या रात्री मुळशीत तंबूत मुक्काम नको, हे मलाही पटतं. गोवराच्या लसीचा ताप मात्र आठवड्या-दीड आठवड्याने येतो, म्हणजे या शनिवारी टोचलं तर पुढच्या शनिवार-रविवारच्या आसपास. हे माहीत नसलं की लोक त्या ताप-पुरळाचं खापर लग्नातल्या आइस्क्रीमवर फोडतात. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची गरज नसते. आणि डोस राहिला म्हणून मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, जिथे थांबली तिथून पुढे चालू. फक्त फार ताणू नका, कारण सरकारी केंद्रात त्रिगुणी सात वर्षांपर्यंतच देतात आणि गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत.

त्रिगुणीच्या कमी दुखणाऱ्या प्रकाराबद्दल "बिनदुखीची घेऊ का?" हा प्रश्न दर वेळी येतो. त्या लसीने ताप आणि सूज कमी येते, खरं आहे. पण डांग्या खोकल्यापासून तिचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही खरं आहे. डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवा. रविवारचा प्लॅन बिघडू नये एवढ्यासाठी ठरवू नका.

आमच्या ग्रुपवर मी सुचवलंय की ज्या घरी बूस्टर, त्या शनिवारी बाकीच्यांनी डबे घेऊन तिकडेच जायचं. पोर रडलं तर सांभाळायला चार हात जास्त, आणि आईला गरम चहा मिळेल. दोघींनी अंगठा दाखवलाय, एकीने "बघू" लिहिलंय. "बघू"चा अर्थ मला कळतो.

ज्यांची मुलं मोठी झाली त्यांनीही निवांत होऊ नका. सोळाव्या वर्षाचा टीडी दहावी-अकरावीच्या धांदलीत हमखास राहतो. क्लासची फी भरायची तारीख कुणी विसरत नाही. आणि आपलं स्वतःचं? मोठ्यांनीही दर दहा वर्षांनी टीडी घ्यायचा असतो. पायात खिळा गेल्याशिवाय शेवटचा कधी घेतला होता, आठवतंय का कुणाला? कमेंटमध्ये खरं खरं लिहा.