मिलटाऊन रोडनं जायचं नाही

आज ऑफिसात जेवताना डोकं फिरलं. अजून जागेवर आलेलं नाही, म्हणून लिहितोय. लांबडं होणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी पुढं सरकावं.

शुक्रवार असल्यामुळं बॅगेत शॅमरॉक रोव्हर्सचा, म्हणजे इथल्या डब्लिनमधल्या आमच्या फुटबॉल क्लबाचा, हिरवा-पांढरा स्कार्फ टाकून नेला होता. संध्याकाळी मॅच. समोर आपलाच एक पोरगा बसलेला, पुण्याचा, अंगात लिव्हरपूलचा टी-शर्ट. स्कार्फ बघून म्हणतो, "दादा, तुम्ही ती लोकल मॅच बघायला जाता? ते काय फुटबॉल आहे होय?" ठीक आहे. नवीन आहे, येऊन सहा महिने झालेत. पण त्याच्या शेजारी बसलेला खास डब्लिनचा. जन्म इथला, शाळा इथली. हा माणूस वर्षातून पाच-सहा वेळा विमानानं लिव्हरपूलला मॅच बघायला जातो आणि घरापासून लुअसनं (इथली ट्राम) वीस मिनिटांवर असलेल्या आमच्या टॅला स्टेडियमवर जन्मात गेलेला नाही. तो हसून म्हणाला, "त्या क्लबला वीस वर्षं स्वतःचं ग्राउंडसुद्धा नव्हतं."

नव्हतं म्हणे! हरवलं होतं काय बसमध्ये छत्री विसरावी तसं?

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर भांडण झालं असतं. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर येतोय तो मिलटाऊन रोडचा पाऊस.

जुन्या मित्रांना हा किस्सा माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो. 2016 साली मी इथं आलो. भाड्यानं राहायला जागा मिळाली टॅलात. (हे नाव इंग्रजीत लिहिलेलं बघून मी पहिले दोन महिने 'टल्लाघट' म्हणत होतो. कुणी चूक सुधारली नाही, आयरिश लोक फार सभ्य.) शेजारी एक रिटायर्ड टॅक्सीवाले. बायको त्यांना काका म्हणायला लागली, मग मीही. आता त्यांनाही कळतं की काका म्हणजे आपणच. पुढच्या वर्षी घर बदलायचं ठरलं, मिलटाऊनला एक फ्लॅट बघायला जायचं होतं. काका म्हणाले, मी सोडतो. मी मोबाइलवरून पत्ता वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. गाडी निघाली, टेंपलओग गेलं, रॅथफर्नम गेलं आणि डार्ट्रीला आल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. "इथून चालत जा. दहा मिनिटं लागतील." बाहेर तिरका पाऊस. मी म्हटलं, "काका, पत्ता तर मिलटाऊन रोडचा आहे, समोरच." ते म्हणाले, "मी त्या रस्त्यानं जात नाही."

भिजत गेलो. मनातल्या मनात कोल्हापुरी शिव्या देत गेलो.

मी पेठेतला आहे हे तुम्हाला सांगायला नको. तालमीच्या टीमसाठी शाहू स्टेडियमवर घसा बसेपर्यंत ओरडून मोठा झालोय. आपल्या पेठेची टीम हरली तर आमच्या घरात रात्री आमटी गार व्हायची. म्हणून मला 'घरापासून वीस मिनिटांवरची टीम माहीत नाही' हे वाक्यच कळत नाही. इथं असल्या लोकांना बारस्टूलर म्हणतात. पबमधल्या उंच स्टुलावर बसून दुसऱ्या देशातल्या टीमला 'आम्ही' म्हणणारे.

तर त्या 'ग्राउंड नसलेल्या' क्लबाची गोष्ट. शॅमरॉक रोव्हर्स. लिफी नदी समुद्राला मिळते तिथल्या रिंग्सएंड भागात, गोदी कामगारांच्या वस्तीत जन्म. शॅमरॉक ॲव्हेन्यू नावाच्या गल्लीवरून नाव. एवढंसं नाव, एका गल्लीचं! 1922-23 साली आयर्लंडच्या लीगमध्ये पहिल्यांदाच उतरले आणि पहिल्याच झटक्यात चॅम्पियन. 1926 पासून अंगावर हिरवे-पांढरे आडवे पट्टे, आणि घर मिलटाऊनला. मालक कनिंगहॅम कुटुंब, मूळ विकलो डोंगरातल्या ग्लेनमालूर खोऱ्यातलं, म्हणून ग्राउंडचं नाव ग्लेनमालूर पार्क. 1964 ते 1969 सलग सहा वर्षं देशाचा कप (एफएआय कप) यांच्याकडं. सहा! 1957 मध्ये युरोपियन कप खेळणारा आयर्लंडचा पहिला क्लब हाच, आणि पहिल्याच फेरीत समोर कोण, तर मँचेस्टर युनायटेड. डब्लिनला सहा गोल खाल्ले. पण परतीच्या मॅचला ओल्ड ट्रॅफर्डवर 3-2 नं हरले, म्हणजे लाज राखली.

इथं एक कबूल करतो, नाइलाजानं. डब्लिनच्या त्या मॅचला युनायटेडकडून खेळणारा लियम व्हेलन हा डब्लिनचाच पोरगा. पुढच्या फेब्रुवारीत म्यूनिकच्या विमान अपघातात गेला. इथली चांगली पोरं कायम तिकडंच गेली, त्यामुळं इंग्लिश क्लबांवरचं इथल्या लोकांचं प्रेम काही हवेतून आलेलं नाही. बरं. पुढं.

1972 मध्ये क्लब किलकॉयन बंधूंकडं गेला. 1984 ते 1987 सलग चार वेळा लीग. त्यातल्या शेवटच्या तिन्ही वर्षी लीग आणि कप, दोन्ही. म्हणजे टीम अशी की नजर लागावी. आणि त्याच 1987 च्या वसंतात बातमी आली की मिलटाऊन सोडायचं. ग्राउंडची जमीन होती जेझुइट पाद्र्यांची. मालकांनी ती आधी विकत घेतली आणि मग बिल्डरला विकली. चॅम्पियन टीम, शंभर पावलांवर नदी, शहरातली सोन्यासारखी जागा. आपल्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागतं का?

12 एप्रिल 1987. रविवार. कपची सेमीफायनल, स्लायगो रोव्हर्सविरुद्ध. हाफटाइमला लोक मैदानात उतरून बसले. उठेनात.

त्यात आमचे काका होते.

हे मला त्या पावसाच्या दिवशी माहीत नव्हतं. हे कळायला अजून दीड वर्ष गेलं. ते सांगायचेच नाहीत. त्यांच्या बायकोनं सांगितलं, ख्रिसमसच्या जेवणात, ते आत बटाटे बघायला गेल्यावर. आणि आणखी एक सांगितलं, जे ऐकून माझा घास अडकला. मी ज्या फ्लॅटचा पत्ता त्यांना गाडीत मोठ्यानं वाचून दाखवला होता ना, 'ग्लेनमालूर' नाव असलेल्या वसाहतीतला, तो त्याच मैदानावर उभा आहे. मी त्या माणसाला सांगत होतो, "काका, मला तुमच्या पेनल्टी बॉक्समध्ये टू बीएचके बघायचंय, जरा सोडता का?"

तरी त्यांनी गाडी काढली होती. डार्ट्रीपर्यंत आणलं होतं.

पुढच्या सीझनला टीम टोल्का पार्कला गेली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लोकांनी बहिष्कार टाकला. 'रोव्हर्सला मिलटाऊनमध्येच ठेवा' म्हणून संघटना काढली, गेटबाहेर बोर्ड घेऊन उभे राहायचे आणि आत जाणाऱ्याला सांगायचे, जाऊ नका. स्वतःच्या टीमची मॅच आत चालली आहे, आरडाओरडा ऐकू येतोय, आणि तुम्ही बाहेर थंडीत पाठ करून उभे. मला नाही जमणार. काका वर्षभर उभे राहिले. वर्षभरात मालकांना क्लब विकावा लागला. क्लब सुटला, पण मैदान गेलंच.

जमिनीचा सातबारा कुणाच्याही नावावर होऊ शकतो हो. आज तुमच्या, उद्या बिल्डरच्या. क्लबाचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडं असतो? हे त्या बिचाऱ्या लिव्हरपूलवाल्याला कोण सांगणार?

आता मालकांची बाजू. सांगतो, एका ओळीत सांगतो, कारण मला ती आवडत नाही: चार वेळा लीग जिंकूनही स्टँड रिकामे असायचे आणि ते म्हणत होते आमचे पैसे बुडतायत. हे खरं आहे. हे मला काकांनीच सांगितलं, आणि तेव्हा त्यांचा चेहरा मालकांना शिव्या घालताना असतो त्यापेक्षा वाईट झाला होता. "शेवटच्या रविवारी सगळे आले. त्याआधीच्या रविवारी कुठं होते? मी कुठं होतो? चार-पाच रविवार मी टॅक्सी मारत होतो."

म्हणून मला आज राग आला, कळलं का? बिल्डरचा नाही एवढा. बिल्डर बिल्डरच असतो. स्टुलावर बसलेल्याचा. तो आला नाही म्हणून मैदान गेलं, आणि आता तोच विचारतो की तुम्हाला मैदान कसं नव्हतं.

नंतरची बावीस वर्षं म्हणजे शुद्ध भाडेकरूपण. आपण परदेशात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. टोल्का, मग डॅलिमाउंट म्हणजे हाडवैरी बोहेमियन्सचं घर, मग घोड्यांच्या शोचं आरडीएस, मग सँट्री, मग अजून कुठं कुठं. आरडीएसला असताना 1994 मध्ये एकदा लीगही जिंकली. टॅलात स्टेडियम बांधायचं ठरलं, काम सुरू झालं आणि पैसे संपल्यानं अर्धवट सांगाडा वर्षानुवर्षं तसाच. 2005 मध्ये क्लब कर्जात बुडून कोर्टाच्या देखरेखीखाली गेला, त्याच वर्षी पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. तेव्हा वाचवलं कुणी? दरमहा खिशातून पैसे घालणाऱ्या लोकांनी. 'फोर हंड्रेड क्लब' नाव त्यांचं. प्लंबर, मास्तर, बसड्रायव्हर. वर्षभरात टीम पुन्हा वर.

तेवढ्यात गेलिक फुटबॉलचा (आयर्लंडचा देशी खेळ) स्थानिक क्लब कोर्टात, की सरकारी पैशातून बांधताय तर आमच्या खेळालाही बसेल एवढं मैदान करा. काका आजही त्यांचं नाव निघालं की रेडिओ बंद करतात. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. त्यांची पोरंही टॅलाचीच. हे काकांना सांगू नका. गेलिकवाले केस हरले.

13 मार्च 2009. पहिली मॅच टॅलात. समोर कोण? स्लायगो रोव्हर्स. मिलटाऊनची शेवटची स्लायगोशी, इथली पहिलीही स्लायगोशी. मध्ये बावीस वर्षं. 2-1 नं जिंकले. काका त्या दिवशी रडले का असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाऊस होता." मला वाटतं नव्हता.

आणि पुण्याच्या पोरा, तुझ्यासाठी खास: तुमच्या रोनाल्डोनं रेआल माद्रिदच्या जर्सीत पहिली मॅच कुठं खेळली माहीत आहे? बर्नाबेऊला नाही. त्याच जुलैत, टॅलात, या लोकल टीमशी. माद्रिद कसंबसं 1-0 नं जिंकलं. दोन वर्षांनी हीच टीम बेलग्रेडला जाऊन पार्टिझानला हरवून युरोपा लीगच्या गटात गेली, आयर्लंडचा पहिला क्लब. गटात सहाच्या सहा मॅच हरले, हो, माहीत आहे, सांगू नकोस. 2020 मध्ये एकही मॅच न हरता लीग जिंकली आणि कोविडमुळं स्टेडियम रिकामं. काका त्यांच्या बागेत उभे, मी माझ्या बागेत, मध्ये कुंपण, आणि दोघांच्या फोनवर तीच मॅच, त्यांच्या फोनवर चार सेकंद आधी. प्रत्येक गोल मला त्यांच्या ओरडण्यातून कळायचा. ती धरून 2023 पर्यंत सलग चार.

आता राग जरा उतरलाय. चहा घेतला.

एक गोष्ट काकांनी मला नकाशा काढून दाखवली होती, बिलाच्या मागच्या बाजूला. डॉडर नदी. डोंगरातून उतरते, टॅलाजवळून वाहते, मग मिलटाऊन, मग आरडीएसजवळून, आणि शेवटी रिंग्सएंडला लिफीत मिळते. क्लब जन्मला रिंग्सएंडला आणि शंभर वर्षांत त्याच नदीनं उलटा वर चढत टॅलाला आला. "सॅमन माशासारखे," ते म्हणाले. मध्ये मिलटाऊनच्या जागी त्यांनी पेनचा नुसता एक ठिपका दिला, नाव लिहिलं नाही.

मग मी विचारलंच, जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. "तीस वर्षं टॅक्सी चालवलीत. गिऱ्हाइकाला मिलटाऊन रोडला जायचं असलं तर काय करायचात?"

"लांबून न्यायचो. मीटर आधी बंद करायचो."

"आणि विचारलं तर?"

"सांगायचो, रस्त्याचं काम चाललंय."

मैदानाच्या जागी रस्त्याच्या कडेला आता एक स्मारक आहे, चाहत्यांनी 1998 मध्ये उभारलेलं. गेल्या वर्षी मी एकटाच जाऊन आलो. फोटो काढला. मागं बाल्कनीत कुणाचे तरी टॉवेल वाळत होते, एक बाई पोराला सायकल शिकवत होती. त्यांचा काय दोष? तो फोटो काकांना दाखवायचा म्हणून काढला होता, अजून मोबाइलमध्येच आहे.

हो, माहीत आहे. स्टेडियम कौन्सिलचं आहे, म्हणजे आजही हे भाडेकरूच. क्लबाची निम्मी मालकी आता सभासदांकडं आणि निम्मी दोन धनवंतांकडं आहे. आणि हो, शनिवारी दुपारी मी पण टीव्हीवर इंग्लिश मॅच लावतो, बायको साक्षीला आहे. कमेंटमध्ये येऊन ही तीन वाक्यं लिहायची तसदी घेऊ नका, मीच लिहिली.

डब्लिनकर साहेबांना मी टॅग करणार नाही. त्यांना मराठी येत नाही आणि ते सुधारणार नाहीत.

पुण्याच्या पोरा, तुझं तिकीट मी काढलंय. ईस्ट स्टँड, पावणेआठला सुरू. टॅलाला जाणारी लाल लुअस पकड, शेवटचा स्टॉप. काकांच्या डाव्या हाताला तुझी सीट, उजवीकडं मी. तो टी-शर्ट बदलून ये. आणि ते विचारतील राहायला जागा शोधतोयस का, तर शोधतोय म्हण, पण कुठं ते सांगू नकोस.