‘दाखल केलं त्याच दिवशी सगळं तोडा’ म्हणे!

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘दाखल केल्या दिवशीच दारू, झोपेच्या गोळ्या, तंबाखू सगळं एकदम तोडा. दोन दिवस तळमळतील, मग आपोआप सुटेल. खोलीची झडती घेत राहा. या वयात व्यसनावर उपचार कसले?’ पुढच्या आठवड्यात वडिलांना दाखल करणाऱ्या एका मुलीनेही तो ‘असंच करू ना?’ म्हणून पाठवला. नका करू.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. आणि मेसेजच्या हिशेबाने जेव्हा ‘सुटलेली’ असते, तेव्हाच, ४८ ते ९६ तासांत, जिवावर बेतणारा डेलिरियम (भ्रम, भास, गोंधळ) गाठतो. तिसऱ्या रात्री आजोबा भिंतीवरचे नसलेले किडे झटकतात आणि रात्रपाळीची नोंद होते: ‘नवी जागा, झोप नाही.’ बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाची, नाडी मंदावणारी गोळी) चालू असेल तर वाढलेली नाडीही दिसत नाही. लक्षणं विचारून गुण देण्याचा तक्ता स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत भरवशाचा नाही. म्हणून दाखल करतानाच लिहून घ्या: शेवटचा पेग कधी, रोज किती, पूर्वी दारू सोडताना फिट आली होती का. आली असेल तर दारू रुग्णालयातच सोडवायची. खाणं तुटलेलं असेल तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन. नुसत्या गोळीवर विसंबू नका, ती नीट शोषली जात नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच, एकदम बंद केलं तर फिट. अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅडिक्शन मेडिसिनची २०२५ची मार्गदर्शिका सांगते: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात, दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर नाही. या गोळ्यांनी म्हातारी माणसं पडतात हे खरंच, कमी करायलाच हव्यात. पण महिन्यांच्या हिशेबाने.

तंबाखू एकदम सोडल्याने जीव जात नाही, एवढं मान्य. मात्र विडी-सिगारेट सुटली की थिओफिलिन (दम्याचं औषध), क्लोझापिन (मानसिक आजाराचं औषध) रक्तात वाढतात. डोस तपासायला हवा.

झडतीने बाटली मिळेल, मग सॅनिटायझर प्यायला जाईल. तो कुलपात ठेवा.

आणि ‘उपचार कसले’? ओपिऑइडचं (अफू, हेरॉइन, मॉर्फिनसारख्या पदार्थांचं) व्यसन असलेल्याची बुप्रेनॉर्फिन, म्हणजे त्या व्यसनावरच्या उपचाराची गोळी, दाखल करताना तोडली, तर ओपिऑइड पचवण्याची शरीराची सवय उतरते. मग सुट्टीवर घरी गेल्यावर ओपिऑइडचा जुनाच डोस श्वास थांबवतो. बुप्रेनॉर्फिन चालू ठेवा, नॅलोक्सोन (ओपिऑइडच्या अतिडोसावरचा उतारा) हाताशी ठेवा, आणि ते कसं द्यायचं हे रात्रपाळीलाही शिकवा.