‘एचआयव्हीवाल्यांना नाचवू नका’: त्या मजकुराला उत्तर

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातल्या मोबाईलवर एक मजकूर फिरतोय: ‘एचआयव्ही झालेल्यांना पथनाट्यात उतरवणं म्हणजे त्यांची धिंड. ओळख फुटते, दगदगीनं तब्येत ढासळते, लोकांची भीती वाढते. गोळ्या चालू असताना नाचगाणं हवंच कशाला?’

ओळख फुटण्याची भीती खरी आहे. म्हणून तर पथक मिसळीचं बांधायचं: बाधित, त्यांचे नातलग, आशाताई, कॉलेजची पोरं, कोण कोण ते कुणालाच सांगायचं नाही. फलकावर ‘एचआयव्हीबाधितांचे पथनाट्य’ असं लिहिलं की सगळं मुसळ केरात. सुरुवातीचे प्रयोग आपल्या गावात लावू नयेत. खानापूरच्या बाईनं अथणीत उभं राहावं. खरी गळती प्रेक्षकांच्या मोबाईलमधून होते, त्यामुळे चित्रीकरण नको हे आधी सांगायचं आणि लक्ष ठेवायला पथकातला एक माणूस गर्दीत उभा करायचा. काम करायला होकार म्हणजे फोटोला होकार नव्हे. दोन्ही वेगळे विचारायचे. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करायला मनाई केली आहे.

या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. चौंडकं हे जोगतिणींचं वाद्य वाजलं की सौंदत्तीच्या यल्लम्माची आठवण होते आणि गाणारीवर देवदासीचा शिक्का बसतो. ताल हवा असेल तर हलगी, झांज घ्या. चाल ओळखीची, शब्द नवे, निम्मे संवाद मराठी आणि निम्मे कन्नड.

तब्येतीचं म्हणणं अर्धवट आहे. नियमित एआरटीवर (एचआयव्ही दाबणाऱ्या गोळ्यांवर) असलेला, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला माणूस शेतात राबतो, तसा तालमीतही घाम गाळू शकतो. मात्र खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम, यातलं काही असेल तर आधी टीबीची तपासणी, मग तालीम. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. गोळीची वेळ तालमीत येत असेल तर डबी पिशवीत हवी. एकत्र नाचल्यानं, एका तांब्यातलं पाणी प्यायल्यानं लागण होत नाही.

भीती वाढते हे मात्र वाईट नाटकाबाबत खरंच आहे. एड्सचा राक्षस, हाडांचा सापळा, शेवटी मरण. अशा प्रयोगानंतर प्रेक्षक शेजारणीपासून दोन हात लांब बसतो. त्याऐवजी १२-१५ मिनिटांचा एकच प्रसंग घ्या. उदाहरणार्थ, दवाखान्यात शिपाई ओरडतो, ‘एआरटीवाले तिकडं!’ सगळी रांग वळून बघते, बाई मान खाली घालते. इथं प्रयोग थांबतो. सूत्रधार प्रेक्षकांना विचारतो, ‘हिच्या जागी तुम्ही असता तर?’ कुणी उठून येतं, तिच्या जागी उभं राहतं, शिपायाला म्हणतं, ‘नंबरानं हाका मारा.’ प्रसंग पुन्हा होतो, शिपाईही वेगळा वागून बघतो. सूत्रधारानं इथं उपदेश सुरू केला की लोक उठून जातात.

उरलं ‘गोळ्या असताना नाचगाणं कशाला’. विषाणू गोळ्याच दाबतात; कला त्याची जागा घेत नाही आणि तसा दावा करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण रांगेत मान खाली घालणाऱ्या बाईच्या तोंडी ‘नंबरानं हाका मारा’ हे वाक्य गोळ्या आणून देत नाहीत. तालमीत तिनं ते दहादा मोठ्यानं म्हटलेलं असतं, म्हणून दवाखान्याच्या खिडकीपाशी ते अडत नाही.

पथकातल्या विडी वळणाऱ्या बायांची मजुरी तालमीत बुडते. ती भरून द्या, सगळ्यांना सारखी, आणि पावतीवर आजाराचा उल्लेख नको.