'फुकट गेलं' म्हणणाऱ्यांनो

आज साखरपुड्याला परत तेच. पंगतीत एका काकांनी आत्याला सगळ्यांसमोर विचारलं, काय गं, रेडिओवर गायचीस, एवढा आवाज होता, फुकट घालवलास ना? आत्या नुसती हसली आणि जिलेबी वाढत पुढे गेली. माझं डोकं फिरलंय ते अजून फिरलेलंच आहे, घरी येऊन बिल विदर्स हा अमेरिकन गायक लावलाय आणि हे टाइप करतोय.

कारण त्यालाही लोक हेच विचारायचे, का सोडलंस म्हणून. वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळशाच्या खाणीच्या गावचा पोरगा, वडील लवकर गेले, बोलताना अडखळायचा, नऊ वर्षं नेव्हीत आणि मग लॉस एंजेलिसला विमानातले संडास बनवायच्या कारखान्यात. पहिला अल्बम १९७१ चा, तेव्हा हा बत्तीस वर्षांचा! कव्हर बघा एकदा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातच काढलेला फोटो, हातात डबा. आणि 'एन्ट नो सनशाइन'मध्ये तो 'आय नो' २६ वेळा म्हणतो ना, तिथे त्याला अजून शब्द लिहायचे होते, पण स्टुडिओत अल्बमचा निर्माता बुकर टी जोन्स वगैरे मंडळी म्हणाली असंच राहू दे. म्हणजे नवख्या माणसाचं जे आलंय त्याला हात न लावण्याइतकी अक्कल होती त्या लोकांना. पुढच्याच वर्षी 'लीन ऑन मी' अमेरिकेत एक नंबरला.

नंतर कोलंबियासारख्या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत गेला आणि तिथले साहेब लोक याची गाणी नाकारायला लागले. दुसऱ्याचं, एल्विस प्रेस्लीचं गाणं म्हण म्हणे! ज्याने आजीच्या हातांवर 'ग्रँडमाज हँड्स' लिहिलं त्याला हे सांगायचं? १९८५ ला शेवटचा अल्बम केला आणि संपवलं. २०२० मध्ये गेला, तोवर नवा अल्बम नाहीच.

आत्यालाही एका ऑर्केस्ट्रावाल्याने तेच सांगितलेलं, भावगीतं बास, चालू हिट गाणी म्हण, आणि अगदी ओरिजनलसारखी म्हण. ती म्हणाली, मग टेपरेकॉर्डर लावा की. पर्स उचलली आणि घरी. यात फुकट काय गेलं मला कोणी सांगेल का?

हो, मान्य, बिलच्या गाण्यांचे हक्क घरात होते, बायको ते सगळं बघायची, पैसे येत राहिले. आत्याचं मानधन रिक्षाभाड्यात संपायचं, तिला सोडणं जास्त महाग पडलं. आणि खरं सांगू, त्याचे अजून दोन अल्बम असते तर मी रात्र रात्र ऐकले असते, आत्याचंही एखादं रेकॉर्डिंग घरात असतं तर... पण ही आपली हाव झाली, त्यांचं देणं नाही. पंगतीत बसून कोणाला हिशोब मागता? तिने जिलेबी वाढली, मी असतो तर ताट उचललं असतं.

ज्यांनी बिल ऐकला नाही त्यांनी त्याचा कार्नेगी हॉलचा लाइव्ह अल्बम लावा, १९७३ चा. गाण्यांच्या मधे तो लोकांशी बोलतो, तेवढं पुढे ढकलू नका.